पाच वर्षांच्या तालुक्याचा केर

या गं, जरा जवळ सरकून बसा. दारात उभं राहून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि आधी मी थोडं बोलूनच घेते, मग रागवायचं तर खुशाल रागवा. जपानहून येऊन मला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत तुम्ही मला काय काय विचारलंत? तिथे साड्या मिळतात का. भाजी काय भावानं. ती बाणासारखी गाडी पळताना पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही, हे खरं का. एकीनं तर माझ्या पाटल्यांना हात लावून ‘जपानी सोनं का हो?’ म्हणून विचारलं. अगं बायांनो, एकीनं तरी विचारावं की तुम्हाला तिथे भेटलं कोण! म्हणून शेवटी वही घेतली आणि लिहायला बसले. शाळा माझी सातवीला सुटली, पुढचं वाचन सगळं पेढीवरच्या रद्दीतून झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका, गोष्ट ऐका.

आमचा मिलिंद तोक्योमध्ये हिगाशी-कसाईला राहतो. कॉम्प्युटरवाली मुलं तिथे इतकी आलीत की त्याच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मला पहिल्याच दिवशी ‘काकू, कुठल्या तुम्ही?’ असं विचारणारी मुलगी भेटली. मी म्हटलं कराडची. ती सांगलीची निघाली. खालच्या दुकानात तूरडाळ, गच्चीवर कुणाची कुरडई वाळतेय, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा: कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, पुढचं मिळतंय का. हे काही माझ्यासोबत आले नाहीत. ‘दसरा-दिवाळीच्या तोंडावर सोनारानं पेढी सोडून फिरायला जायचं? तू जा,’ म्हणाले. तर मी गेले.

आता सून. रेवती जाताना इंजिनिअरची बायको म्हणून गेली होती. घरात बसून कंटाळली, तेव्हा जवळच्या एका सभागृहात फुकट जपानी शिकवायचे, तिथे जायला लागली. आता फडाफडा बोलते, अर्धा दिवस नोकरीही करते. तिला शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या. त्यांनी एकदा विचारलं, तुझ्या सासूबाई काय करतात? रेवती म्हणाली, आमची सोनाराची पेढी आहे, सासूबाईंचं आयुष्य पेढीच्या मागच्या खोलीत गेलं. बाई टाळीच वाजवायच्या बाकी राहिल्या. म्हणाल्या, माझी मोठी बहीण उत्तरेला होक्काइदोत सोन्याच्या नदीकाठी एकटी राहते. त्यांना घेऊन जा. आणि लवकर जा.

हे ‘लवकर’ का, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

मिलिंदला ऑफिस, नातीला शाळा. तो म्हणाला, ‘आई, तू जपानला येऊनसुद्धा सोन्याच्याच दुकानात जाणार का?’ मी म्हटलं, दुकानात नाही रे, खाणीत.

मंगळवार

विमान, मग एकाच डब्याची आगगाडी. त्या डब्यात आम्ही दोघी, एक म्हातारा आणि त्याचं वर्तमानपत्र. ते सगळं सोडून देते. उतरलो ते स्टेशन म्हणजे एक खोली. बाहेर पांढऱ्या डबीसारख्या छोट्या मोटारीपाशी एक बाई उभ्या. वय ब्याऐंशी, उंची माझ्या खांद्याला, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्या ओनो-सान, रेवतीच्या बाईंची थोरली बहीण; ‘सान’ म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘राव’. कमरेतून अशा वाकल्या की मी घाबरून त्यांना धरायला धावले.

‘आई, त्या पडत नाहीयेत, नमस्कार करतायत,’ रेवती हळूच म्हणाली.

गाडी त्याच चालवणार होत्या. मी मागे बसून सगळे देव आठवले. गाव कानेबेत्सू. गाव कसलं, नऊ घरं, त्यातली पाच बंद. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, आणि डोंगर असे पिवळेजर्द की उतरल्यावर मी बोलायचंच विसरले. मी बोलायचं विसरले म्हणजे काय असेल ते तुम्हीच समजा.

नवरात्र चालू होतं, मला नऊ दिवसांचे उपास. रेवतीनं वाटेत शंभरदा बजावलं होतं, ‘आई, तिथे काय खाणार तुम्ही?’ ओनो-साननी समोर काय ठेवावं? बटाटे. वाफवलेले, सालीसकट फुटलेले, वर लोण्याचा गोळा आणि मीठ. शप्पथ सांगते, असा बटाटा मी जन्मात खाल्ला नाही. उपासाला याहून सोवळं काय असतं? दुसऱ्या दिवशी मी त्यांना बटाट्याचा कीस करून घातला. शेंगदाण्याचं कूट, जिरं, मिरची माझ्या पिशवीत होतीच. त्यांनी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायल्या आणि पुन्हा बशी पुढे केली.

जेवताना त्या रेवतीशी पुष्कळ बोलल्या. रेवती मला म्हणाली, ‘त्या म्हणतायत, बरं झालं आलात.’

‘एवढा वेळ बोलल्या त्या, आणि त्याचं एवढंच?’

‘बाकीचं उद्या सांगते आई.’

तिचा चेहरा बघून मी उठून बश्या विसळायला घेतल्या.

बुधवार, झाडांत गेलेला बाजार

सकाळी ओनो-साननी आमच्या दोघींच्या कमरेला पितळी घंटी बांधली. अस्वलांसाठी. आवाज ऐकला की ती आपणहून बाजूला होतात म्हणे. आम्ही तिघी खणखण करत निघालो. मी म्हटलं, रेवती, कुणी पाहिलं तर म्हणेल बैल बाजाराला निघाले.

नदीच्या बाजूनं एक पायवाट भूर्जाच्या रानात शिरते. पांढरी खोडं, सरळसोट, तीनमजली उंच. पानं सोन्याच्या पत्र्यासारखी, वारा नसतानाही एकेक सुटून खाली येतायत. मला वाटलं, दाखवायला आणलं असेल रान. तर ओनो-सान एका झाडापाशी थांबल्या, हात केला आणि म्हणाल्या, ‘हा न्हावी.’

मी इकडेतिकडे पाहिलं. माणूस काणूस काही नाही.

चार पावलं गेल्या. ‘हा तोफूवाला. त्याची बायको फार भांडायची.’ पुढे, ‘हे पोस्ट. इथे पत्रं लिहून द्यायला एक माणूस बसायचा, कारण येणाऱ्यांतल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. ही खाणावळ. ही दुसरी खाणावळ. हे सार्वजनिक न्हाणीघर. इथे शाळा, दोन वर्गांची. ही चौकी, तिच्यात एकच कोठडी, आणि तिच्यातही बहुतेक वेळा पिऊन पडलेलेच.’

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही रानातून चाललोच नव्हतो. आम्ही बाजारपेठेतून चाललो होतो.

रेवतीनं सांगितलं ते असं. शंभरेक वर्षांपूर्वी या नदीत सोनं सापडलं. त्याआधी इथे ऐनू, म्हणजे तिथले मूळचे लोक, यायचे. नदीत पिवळं काही चमकतं हे त्यांना ठाऊक असणारच, असं ओनो-सान म्हणतात, पण ते यायचे माशांसाठी. त्यांना कुणी काही विचारलं नाही. बातमी फुटली आणि सगळ्या जपानातून माणसं लोटली. शेत विकून आले, नोकरी टाकून आले, कर्ज बुडवून आले. दरी माणसांनी भरून गेली, तेव्हा सरकारनं इथे चक्क एक वेगळा तालुका केला. कचेरी, शिक्का, हाकीम, पोस्ट, सगळं. पाच वर्षं. पाच वर्षांत सोनं सरलं. माणसं आली तशी गेली, शिवाय जाताना दारं-खिडक्यासुद्धा उचकटून घेऊन गेली. शेवटी हाकीम एका घोडागाडीत शिक्का आणि कागद घालून निघाला आणि तालुका संपला. पुढे ज्या गावाला तो जोडला तिथली कचेरी जळाली, कागदही गेले. आज त्या तालुक्याचं नाव नकाशावर नाही.

अगं, आपल्याकडे तालुका म्हणजे केवढी टिकाऊ गोष्ट! आपला पणजोबा ज्या कचेरीत सात-बाराला हेलपाटे घालायचा, त्याच कचेरीत आपण घालतो. आणि इथे आख्खा तालुका पोराच्या पहिल्या यत्तेआधी जन्मून मेला. मी त्या खोडावर हात ठेवून उभी राहिले. न्हाव्याच्या दुकानात झाड उगवून तीन मजले झालं आणि त्याला पत्ताच नाही आपण कुठे उभे आहोत.

रेवतीनं खाली पडलेलं एक पान उचललं. मग म्हणाली, ‘आई, शंभर वर्षांनी हिगाशी-कसाईत कुणी असं सांगेल का हो? इथे डोशाचं पीठ मिळायचं, इथे काकू लोणचं विकायच्या?’

‘तू सांग ना आत्ताच कुणाला तरी,’ मी म्हटलं, ‘या बाईंना बघ, कुणीतरी सांगितलं म्हणून यांना माहीत.’

नदीवर त्यांनी सोनं धुवायचं दाखवलं. साधन म्हणजे एक लाकडी पाटी, मधोमध उथळ खोलगट. त्यात वाळू घ्यायची, पाण्यात टेकवायची आणि हलके झुलवायची. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाला बसतं. मी म्हटलं, हे तर आमच्या झारेकरणीचं काम! तुमच्यातल्या तरुणींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. सोनाराच्या पेढीतला केर कधी उकिरड्यावर जात नाही. कानशीतून उडालेला कण, मुशीतून सांडलेला थेंब, सगळं धुळीत जातं. ती धूळ वर्षभर डब्यात साठवायची आणि वर्षातून दोनदा झारेकरीण येते ती न्यायची. ती धुते आणि त्यातून सोनं काढते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी पेढी झाडून केर अंगणात टाकला होता. सासूबाईंनी मला तो सगळा, फुलपात्रात, बोटांनी गोळा करायला लावला. त्यानंतर झारेकरीण आली की मी तिच्या शेजारी बसायची. चाळीस वर्षं बघतेय, हात आपोआप शिकला.

तर मी पाटी घेतली, ऐटीत उकिडवी बसले, आणि शेवाळलेल्या दगडावरून सरळ नदीत. बुटांत पाणी, लुगड्यात पाणी. रेवती किंचाळली. ओनो-सान हसत हसत अशा खाली बसल्या की त्यांनाही उठवावं लागलं. पण पाटी मी सोडली नव्हती. तिच्यात तीन कण होते, खसखशीहून बारीक.

परत येऊन कोरडी होऊन शेगडीपाशी बसले, तेव्हा रेवतीनं कालचं उरलेलं सांगितलं.

ओनो-सानच्या घराला लागून एक जुनं लाकडी घर आहे. आता तिथे बटाटे ठेवतात. त्या म्हणतात, हेच तालुक्याचं वजनघर. नदीतून आलेलं सोनं सरकारी काट्यावर इथे तोलायचं, आणि तोलणारे कारकून होते त्यांचे आजोबा. तालुका गेला तरी आजोबा गेले नाहीत. तालुक्याची उभी राहिलेली एवढी एकच वास्तू. पण गावच्या कचेरीच्या कागदात ती ‘धान्याची वखार’ आहे. छप्पर कुजलंय, घर रस्त्याकडे कललंय, आणखी एका हिवाळ्याचं बर्फ ते झेलणार नाही. वखार असेल तर पाडायची. तालुक्याचं वजनघर आहे असं सिद्ध झालं तरच सरकार ते राखेल. आणि सिद्ध करायला ओनो-सानपाशी आजोबांच्या शब्दाशिवाय काही नाही. शाळेत पोरं त्यांना चिडवायची, ‘ही बघा, बटाट्याच्या वखारीची राजकन्या.’

शुक्रवारी सकाळी दहाला कचेरीचा माणूस येणार होता. पाडण्याच्या संमतीवर ओनो-साननी मोहर उठवायची होती.

गुरुवार

सकाळी मी म्हटलं, ते घर मला दाखवा तरी.

आत गेले. जमीन लखलखीत. घर पाडायला द्यायचं म्हणून त्या बाईनं ते आठ दिवस खपून घासलं होतं! कोळिष्टकं काढली, फळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या, बटाट्याची खोकी भिंतीला ओळीनं लावली. मुलीला सासरी पाठवताना न्हाऊ घालतात तसं.

‘केर कुठाय?’ मी विचारलं.

रेवतीनं विचारलं. ओनो-सान म्हणाल्या, ‘बुधवार हा जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. काल पहाटेच केराची पिशवी गाडीसाठी बाहेर ठेवली.’

मी कपाळावर हात मारला. ‘अगं, विचार त्यांना, आजोबा सोनं तोलायचे ना? पाच वर्षं रोज, शेकडो माणसांचं? मग त्यातलं सांडलं कुठे? आम्ही गुंजभर तोलतो तरी सांडतं!’

रेवती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं ते भराभरा जपानीत सांगितलं. ओनो-सानचा चेहरा आधी उजळला आणि मग पार उतरला. त्या खाली बघून बोलायला लागल्या.

‘आई, त्या म्हणतायत, आता काहीच उरलं नसेल. इथे वर्ष संपताना घराची मोठी साफसफाई करायची रीत आहे. त्यांच्या आजीनं, आईनं आणि त्यांनी, दर वर्षअखेरीला ही जमीन बादल्या ओतून धुतलीय. साठ-सत्तर वर्षं तर त्यांनी एकटीनंच. म्हणतायत, मी माझ्या हातांनी धुऊन टाकलं.’

मला एकदम सासूबाई आठवल्या आणि मी हसले. ‘त्यांना सांग, सोनं पाण्यानं वाहून जात नाही. धूळ जाते. सोनं खाली जातं. तुम्ही टाकलं नाहीत, तुम्ही दरवर्षी ते आणखी खोल, फळ्यांच्या फटीत घालून ठेवलंत.’

ओनो-सान उठल्या आणि पहार घेऊनच आल्या.

आता सगळी जमीन तर उकरता येईना. मी सांगितलं, सोनं सांडतं ते काट्यापाशी. आणि काटा कुठे ठेवतात? दारापासून लांब, वारा लागत नाही तिथे, पण उजेडात. आमचे हे तर काट्यापाशी पंखासुद्धा लावू देत नाहीत. इथे दार दक्षिणेला, खिडकी पूर्वेला. मी खिडकीखाली बोट दाखवलं. तरी म्हटलं, दार, मध्य, खिडकी, तिन्ही ठिकाणचं वेगवेगळं काढायचं, वेगवेगळ्या वाडग्यांत. नाहीतर कुठलं कुठून आलं कसं कळणार? झारेकरीणसुद्धा दोन पेढ्यांचा केर एकत्र करत नाही.

रेवतीनं खिळे उपटले. कॉम्प्युटरवाल्याची बायको, पण हाताला जोर आहे हो! मी फटींतला घट्ट बसलेला मळ विणायच्या सुईनं काढला, ओनो-साननी तो रंगाच्या कुंच्यानं वाडग्यात लोटला. धुणं मी नदीवर केलं नाही. मोठा टब मांडला आणि त्याच्यावर पाटी धरली, म्हणजे हातून निसटलं तरी टबातच राहील.

दाराजवळचा वाडगा: माती, एक गंजका खिळा. मधला: काळी वाळू. मग खिडकीखालचा. मी जीव ओतून झुलवली पाटी. पाणी निवळलं. काळी वाळू, आणि काही नाही.

पुन्हा उकरलं, पुन्हा धुतलं. काही नाही.

दुपार झाली होती. मला तोंड वर करवेना. बाईला आपण उगीच आशा लावली, उद्या तिला मोहर उठवताना दुप्पट लागणार. ओनो-सानच मला म्हणाल्या, ‘चहा घेऊ.’ आणि कप भरताना, सहज, ‘ती खिडकी माझ्या वडिलांनी नवी पाडली. धान्याची पोती बाहेर काढायला.’

रेवतीनं हे मला सांगितलं आणि माझ्या हातातला कप खाली आला.

‘मग आधी उजेड कुठून यायचा?’

तिघी आत धावलो. उत्तरेच्या भिंतीपाशी बटाट्याची खोकी, आढ्यापर्यंत रचलेली. एकेक उतरवलं. किती उतरवली देव जाणे, माझी कंबर अजून सांगते. मागे भिंतीत चार फळ्या वेगळ्या लाकडाच्या, आडव्या ठोकलेल्या. बुजवलेली खिडकी. उत्तरेची, म्हणजे ऊन नाही, नुसता शांत उजेड. सोनाराला हवा तसा.

तिच्या खालची फळी उचलली. फटीतला मळ दगडासारखा. वाडगाभर निघाला. मी पाटी हातात घेतली आणि ओनो-साननी तिची दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून झुलवली. गढूळ पाणी गेलं. मळ गेला. काळी वाळू उरली. मग काळ्या वाळूची कड किंचित सरकली आणि तिच्या मागे पिवळी रेघ निघाली.

रेघ, बायांनो. कण नाही. कुणी कुंकवाच्या काडीनं ओढावी तशी.

‘आई, हे अभ्रक तर नाही?’ रेवती कुजबुजली.

मी पाटी सावलीत धरली. अभ्रक सावलीत विझतं, हे विझलं नाही. मोहरीएवढा एक कण चमच्याच्या पाठीवर ठेवला आणि सुईनं दाबला. फुटला नाही. पसरला, लोण्यासारखा.

ओनो-सान गुडघे मोडून त्या उघड्या जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. एकच वाक्य बोलल्या, आणि ते मला रेवतीनं सांगायच्या आधी कळलं, असं मला अजून वाटतं.

‘आजोबा खरं सांगत होते.’

शुक्रवार, दहा वाजता

कचेरीचे मोरी-सान दहाच्या ठोक्याला आले. पन्नाशीचा, सभ्य, दमलेला माणूस. हातात कागद आणि लाल शाईची डबी. वाईट काम करायला आलेल्या चांगल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा.

ओनो-साननी त्यांना आत नेलं. चारही वाडगे आम्ही जिथल्या तिथे, उघड्या फळ्यांपाशी मांडले होते. मोरी-साननी सगळं ऐकलं, वाकून पाहिलं, आणि फार अदबीनं म्हणाले, ‘पण या दरीतल्या वाळूत सगळीकडेच सोनं आहे. बुटांना लागून आत आलं असेल.’

रेवतीनं मला सांगितलं. मी म्हटलं, ‘विचार यांना, बुटांना लागून आलं तर दारापाशी नको का सापडायला? दारापाशी गंजका खिळा आहे. मध्ये वाळू आहे. पूर्वेला वाळू आहे. सोन्याला काय माहीत, बुजवलेली खिडकी कुठाय ते?’

मोरी-साननी चारही वाडगे पुन्हा एकदा पाहिले. त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, ‘मला एक वाडगा स्वतः काढू द्या.’ आम्ही उकरलं तिथून दोन हात सोडून, पूर्वेच्या बाजूची फळी त्यांनीच निवडून खालची माती काढली. धुतली. काही नाही. मग उत्तरेच्या खिडकीखाली, काल राहिलेल्या फळीची माती. धुतली. त्यांच्या पाटीत पिवळं चमकलं तेव्हा त्या माणसाच्या तोंडून लहान पोरासारखा ‘ओ!’ निघाला. मग ते वाकून त्या फळीच्या पाठीकडे बघायला लागले आणि म्हणाले, ‘हे काय?’ त्या फळीवर आणि शेजारच्या फळीवर, काट्याच्या मेजाचे चार पाय वर्षानुवर्षं टेकल्याचे चार खळगे होते. आम्ही तिघींनी त्यावरून कालपासून शंभरदा हात फिरवला होता. सोन्याच्या नादात दिसलेच नाहीत!

मोरी-सान बाहेर जाऊन फोनवर बोलले. ओनो-सान हातात मोहरेची डबी घेऊन दारात उभ्या. मी त्यांचा दुसरा हात धरला होता. गार होता, आणि वाळक्या फांदीसारखा हलका.

ते परत आले, कागद दुमडून पिशवीत ठेवला, शाईची डबी बंद केली आणि कमरेतून वाकले. ‘निर्णय माझ्या हातात नाही. पण आज मी तुमची मोहर घेऊ शकत नाही.’

वाडग्यातलं सोनं ओनो-साननी मला द्यायला पुढे केलं, दोन्ही हातांनी. मी पाठीमागे हात बांधले. केरातलं सोनं ज्या घराचं, त्या घराचं.

परत येताना त्या एका डब्याच्या गाडीत रेवती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लग्नानंतरच्या सात वर्षांत पहिल्यांदा. बाहेर नदी होती, तिच्यात समुद्रातून उलटे चढत आलेले लालभडक मासे, फाटलेल्या अंगाचे, तरी पाणी कापत वर जाणारे. मी खिडकीला नाक लावून बसले होते. माणसानं किती बघावं एका आयुष्यात?

आता इथलं

गेल्या आठवड्यात ओनो-सानचं पत्र आलं. रेवतीनं फोनवर वाचून दाखवलं, मी ऐकून वहीत उतरवलं. शहरातून तीन जाणकार आले, दिवे घेऊन फळ्यांखाली पालथे झोपले, दोन दिवस. घराचं नाव कागदोपत्री बदललं. वखार नाही, तालुक्याचं वजनघर. कचेरीनं चारी बाजूंनी लाकडी टेकू दिलेत, छपरावर नवं आच्छादन टाकलंय. कंबरभर बर्फ पडलंय आणि घर उभं आहे. वसंतात नीट दुरुस्ती होईल. उत्तरेची खिडकी मोरी-साननी स्वतः उघडून दिली. बटाटे आता दुसरीकडे. या वर्षअखेरीला ओनो-साननी जमीन नुसती पुसली, पाणी ओतलं नाही.

पत्राच्या शेवटी जे लिहिलंय ते मला एकटीला नाही, तुम्हा सगळ्यांना आहे. म्हणून जसं सांगितलं तसं लिहिते:

‘हे घर शंभरीचं, मी ब्याऐंशीची. मला वाटायचं, आम्ही दोघं एकदमच जाऊ. आता घर राहणार आहे, माझं मात्र सांगता येत नाही. न्हावी कुठे होता, तोफूवाला कुठे होता, हे दाखवायला माणूस लागतं, आणि दाखवलेलं ध्यानात ठेवायला खूप माणसं लागतात. तुम्ही ज्यांना ज्यांना हे सांगाल, त्यांना सगळ्यांना घेऊन या. बटाटे भरपूर आहेत. बर्फ वितळलं की या. लवकर या.’